न दुखणाऱ्या दुखण्याचा शोध

१९४५ सालच्या एप्रिल महिन्याची १२ तारीख. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया या संस्थानांत वॉर्म स्प्रिंग्ज नांवाचें गरम पाण्याच्या झऱ्यांचें एक लहानसें गांव आहे. तेथील आपल्या साध्या बंगल्यांत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे खुर्चीवर बसून कागद चाळीत होते आणि समोर एक चित्रकर्ती त्यांचें चित्र रंगवीत होती. दुपारचें जेवण अद्याप व्हावयाचें होतें. एकाएकीं त्यांचा हात कपाळाकडे गेला. डोक्याच्या मागच्या बाजूस भयंकर कळ येत असल्याचें त्यांनीं क्षीण स्वरांत सांगितलें, आणि ते बेशुद्ध झाले. साडेतीन वाजून गेल्यावर थोड्याच मिनिटांत त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळीं त्यांचें वय ६३ वर्षांचें होतें. जर्मनीनें शरणागति पत्करली तेव्हां या घटनेस पुरते चार आठवडेहि उलटले नव्हते. ज्या विजयासाठीं त्यांनीं देह झिजविला तो विजय पाहण्याचें भाग्य त्यांना लाभलें नाहीं.

अध्यक्षांचे खासगी वैद्य अ‍ॅडमिरल मॅकइंटायर यांनीं हा घाला अगदीं अनपेक्षित असल्याचें जाहीर केलें आणि जगानें तें खरें मानलें. परंतु तो घाला अनपेक्षित नव्हता. त्याची वर्दी दहा वर्षें आधींपासून येत होती, आणि ती आंकड्यांत लिहून ठेवलेली होती. १९३५ सालीं रूझवेल्टांच्या रक्ताचा दाब १३६ वर ७८ असा होता. १९३७ सालीं तो १६२ वर ९८ झाला. १९४१ च्या फेब्रुवारींत तो १८८ वर १०५ असा भरला. १९४४ च्या मार्चअखेर तो १८६ वर १०८ होता. मृत्यूच्या दिवशीं, ते बेशुद्ध पडल्यानंतर, तोच दाब ३०० वर १९० इतका चढला होता. यांतील वरचा आंकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त पुढें ढकलतें त्या क्षणींचा धमन्यांतील दाब. खालचा आंकडा म्हणजे हृदय विसावतें त्या क्षणींचा दाब. त्या दाबानें नळींतील पारा किती मिलिमीटर उंच चढतो, यावरून तो मोजण्याची चाल पडली.

१९४४ सालच्या त्या तपासणीमागें अध्यक्षांची कन्या अ‍ॅना हिचा आग्रह होता. वडिलांचा खोकला थांबत नव्हता, चेहरा उतरला होता आणि थोड्याशा श्रमानेंहि त्यांना दम लागत होता. बेथेस्डा येथील आरमारी इस्पितळांत डॉ. हॉवर्ड ब्रूएन या तरुण हृद्रोगतज्ज्ञानें त्यांना तपासलें तेव्हां त्याला धक्काच बसला. ओठ व नखें निळसर पडलीं होतीं, हृदय वाढलें होतें, त्याचा डावा कप्पा थकला होता आणि त्यामुळें फुप्फुसांत पाणी सांचूं लागलें होतें. ब्रूएननें विश्रांति, डिजिटॅलिस हें जुनें औषध, कमी मीठ आणि कमी सिगारेटी असा उपाय सुचविला. मॅकइंटायर हे नाक, कान व घसा यांचे तज्ज्ञ होते. बऱ्याच वादानंतर त्यांनीं हे उपाय मान्य केले; पण निदानाची वाच्यता कोठेंहि करावयाची नाहीं, खुद्द रोग्यापाशींहि नाहीं, असें ठरलें. रूझवेल्टांनीं स्वतः कधीं विचारलें नाहीं, आणि त्यांना कोणीं सांगितलेंहि नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते चौथ्यांदा अध्यक्ष निवडून आले. ही हकीकत ब्रूएननें स्वतःच्या टिपणांवरून १९७० सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें ती जगाला नीट कळली.

यांत गुप्ततेचा दोष होता हें खरें; पण सर्वच दोष गुप्ततेचा नव्हता. वैद्यकालाच त्या काळीं या आंकड्यांचा अर्थ पुरता उमगलेला नव्हता. वय वाढलें कीं धमन्या ताठर होतात, ताठर झालेल्या धमन्यांतून रक्त खेळवावयाचें तर हृदयाला अधिक जोर लावावाच लागतो. तेव्हां चढलेला दाब हा देहानें स्वतःच केलेला आवश्यक बंदोबस्त आहे, त्याला हात लावूं नये, असें नामांकित डॉक्टर मानीत. वयाच्या आंकड्यांत शंभर मिळवावे म्हणजे योग्य दाब निघतो, असा एक सोपा हिशेबहि रूढ होता. त्या हिशेबानें साठीच्या माणसाला १६० हा दाब शोभून दिसे! शिवाय दाब उतरविण्याचें खात्रीचें औषधच हातीं नव्हतें. ड्यूक विद्यापीठांतील डॉ. केंपनर हे अशा रोग्यांना केवळ भात, फळें व साखर यांवर ठेवीत. त्या अळणी आहारानें कांहीं रोग्यांचा दाब उतरेहि. परंतु तें व्रत महिनोन् महिने चालविणें सर्वांना साधण्यासारखें नव्हतें.

दाब मोजण्याची विद्या मात्र जुनी होती. १७३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें एका घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला कांचेची उंच नळी जोडल्याचा प्रयोग वर्णिला आहे. त्या नळींत रक्त आठ फूट तीन इंच चढलें होतें. माणसावर असा प्रयोग करणें शक्यच नव्हतें. १८९६ सालीं इटलींतील रिव्हा-रोची या डॉक्टरानें दंडाभोंवती हवेनें फुगविण्याची रबरी पिशवी बांधून, रक्ताचा थेंबहि न सांडतां, दाब मोजण्याची युक्ति काढली. १९०५ सालीं रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यानें कोपरापाशीं नळी लावून धमनींतील आवाज ऐकण्याची रीत दाखविली आणि वरच्या आंकड्याबरोबर खालचाहि आंकडा मिळूं लागला. या यंत्राचें महत्त्व वैद्यांच्याहि आधीं ओळखलें तें विमा कंपन्यांनीं. कोण किती वर्षें जगेल यावर ज्यांचा नफा-तोटा अवलंबून, त्यांची नजर सावकारासारखी तीक्ष्ण असते. ज्यांचा दाब अधिक त्यांचें आयुष्य कमी, हें त्यांच्या वह्यांत १९२५ च्या सुमारास स्पष्ट दिसूं लागलें होतें. पण विमा कंपनीचें काम माणूस वांचविण्याचें नव्हे, हप्ता ठरविण्याचें. तेवढ्यावर ती गोष्ट राहिली.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां अमेरिकेंत होणाऱ्या मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे मृत्यु हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या विकारांनीं होत होते. सांथीच्या रोगांवर लस निघाली होती, पेनिसिलीन हातीं आलें होतें. परंतु पन्नाशीच्या आंतबाहेरचा धडधाकट दिसणारा कर्ता पुरुष जेवतां जेवतां किंवा चालतां चालतां कोसळे, आणि घरच्या माणसांनीं दैवाला बोल लावून गप्प बसावें, यापलीकडे उपाय नव्हता. १९४८ च्या जून महिन्यांत रूझवेल्टांच्या मागून अध्यक्ष झालेल्या ट्रूमन यांनीं राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि हृद्रोगाच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय हृदय संस्था अस्तित्वांत आली.

त्याच वर्षीं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें एक निराळाच उपक्रम हातीं घेतला. आजवर वैद्यकशास्त्र रोग्यापासून सुरुवात करीत असे. रोगी दारीं आला म्हणजे त्याला विचारावयाचें, तपासावयाचें, आणि तो गेल्यावर कांहीं प्रसंगीं त्याचें शव उघडून पाहावयाचें. परंतु ज्या रोगाचा पहिला झटका हाच पुष्कळदां शेवटचा असतो, त्याची उत्पत्ति रोग्याला विचारून कशी कळणार? घर जळून गेल्यावर राखेंत ठिणगी शोधण्यासारखाच तो प्रकार. म्हणून असें ठरलें कीं, निरोगी माणसें घ्यावींत, त्यांच्यापैकीं कोणाचें काय होणार याविषयीं कसलाहि तर्क न बांधतां त्यांचीं मापें घेऊन ठेवावींत, आणि मग वर्षानुवर्षें वाट पाहावी. जे आजारी पडतील त्यांच्या जुन्या नोंदी काढून त्या न पडलेल्यांच्या नोंदींशीं ताडून पाहाव्यात. कल्पना सोपी होती. तिला लागणारा धीर मात्र सोपा नव्हता.

या कामासाठीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील फ्रॅमिंगहॅम हें गांव निवडण्यांत आलें. बोस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारें वीस मैलांवरचें हें गांव त्या वेळीं अठ्ठावीस हजार वस्तीचें होतें. कागदी मालाचा मोठा कारखाना, दुकानें, शाळा, देवळें, मध्यम स्थितींतील कष्टाळू कुटुंबें; नोकरीसाठीं गांव सोडून जाण्याची प्रवृत्ति थोडी. शिवाय या गांवाला अशा कामाचा पूर्वानुभवहि होता. १९१७ ते १९२३ या काळांत क्षयरोगाच्या निर्मूलनाचा एक प्रसिद्ध प्रयोग तेथेंच झाला होता. डॉ. गिल्सिन मेडोर्स यांनीं कामाची घडी बसविली, पुढें डॉ. टॉमस डॉबर यांनीं ती सोळा-सतरा वर्षें सांभाळली.

चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, कसलीहि निवडानिवड न करतां, ३० ते ६२ वर्षें वयाच्या ६,५०७ रहिवाशांचीं नांवें काढण्यांत आलीं. पण सरकारी डॉक्टरानें बोलाविलें म्हणून कोणी धडधाकट माणूस दंड पुढें करीत नाहीं. तेव्हां गांवांतल्याच लोकांच्या समित्या झाल्या. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला आणि मैत्रिणीनें मैत्रिणीला समजाविलें. अखेर ४,४६९ जण आले. आणखी ७४० जण आपण होऊन पुढें झाले. अशीं एकंदर ५,२०९ माणसें या यादींत आलीं. त्यांत पुरुष २,३३६ आणि स्त्रिया २,८७३ होत्या. हृद्रोग हा पुरुषांचा रोग असें त्या काळीं समजत असल्यामुळें स्त्रियांना इतक्या मोठ्या संख्येनें या कामांत घेणें ही गोष्ट असाधारणच होती.

दर दोन वर्षांनीं या प्रत्येकाची तपासणी होई. दाब मोजीत, वजन करीत, हृदयाच्या विजेचा आलेख काढीत, छातीचें क्ष-किरण चित्र घेत, रक्त व लघवी तपाशीत, आणि खाणेंपिणें, धूम्रपान, व्यवसाय, घरांतील आजार यांची लांबलचक विचारपूस करीत. येथें औषध मिळत नसे. कांहीं आढळलेंच तर तें त्या त्या कुटुंबाच्या डॉक्टरास कळवीत. म्हणजे या लोकांनीं जें दिलें तें परोपकारबुद्धीनेंच दिलें. बरें वाटावें म्हणून कोणी गेला नाहीं. कारण आजारी कोणी नव्हतेंच. आपल्या मरणाचा हिशेब पुढील पिढीच्या उपयोगी पडावा, एवढाच त्यांतला लाभ. इतिहासांत राजांच्या व सेनापतींच्या नांवांची गर्दी असते; परंतु फ्रॅमिंगहॅमच्या या दुकानदारांनीं, शिक्षकांनीं, कामगारांनीं आणि गृहिणींनीं जी कामगिरी बजावली तिच्या तोडीच्या लढाया थोड्याच सांपडतील.

पहिलीं कित्येक वर्षें सांगण्यासारखें कांहींच निघालें नाहीं, आणि निघणेंहि शक्य नव्हतें. त्या अवधींत आणखी एका अध्यक्षाच्या आजारानें लोकांचें लक्ष हृदयाकडे वेधलें. १९५५ च्या सप्टेंबरची २४ तारीख उजाडण्यापूर्वींच, डेन्व्हर येथें सुट्टीवर असतां, अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. सोमवारीं शेअरबाजार धाडकन कोसळला. पण या खेपेस लपवालपवी झाली नाहीं. बोस्टनचे विख्यात हृद्रोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना पाचारण करण्यांत आलें आणि त्यांनीं वृत्तपत्रकारांना बोलावून, शाळेंत धडा समजावून द्यावा तसें, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनींत गुठळी अडकली म्हणजे काय होतें तें समजाविलें. हृदयाला विकार झालेला माणूस कायमचा अंथरुणाला खिळला पाहिजे असें नाहीं, चालणें व बेताची मेहनत त्याला हितावह आहे, हें व्हाइट यांचें आवडतें मत होतें. ते स्वतः म्हातारपणींहि सायकलीवर बसत. आयसेनहॉवर बरे झाले, पुन्हां निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. अकरा वर्षांपूर्वीं रूझवेल्टांच्या कानांवरहि न घातलेली गोष्ट आतां घरोघर चर्चिली जाऊं लागली. रोगाशीं लढण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचें नांव मोठ्यानें उच्चारणें.

१९५७ सालीं फ्रॅमिंगहॅमचा पहिला महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचा दाब १६० वर ९५ किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यांत हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचें प्रमाण जवळजवळ चौपट आढळलें. १९६० सालीं सिगारेटीचा आणि हृद्रोगाचा संबंध दिसून आला. १९६१ सालीं विल्यम कॅनेल, डॉबर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा वर्षांच्या नोंदींवरून एक निबंध लिहिला. त्यांत चढलेला दाब, रक्तांतील कोलेस्टरॉल या स्निग्ध द्रव्याचें वाढलेलें प्रमाण आणि हृदयाच्या आलेखांतील बिघाड यांना त्यांनीं धोक्याचे घटक असें म्हटलें. हा शब्दप्रयोग पुढें सर्व जगाच्या वैद्यकांत रूढ झाला. पुढच्या काळांत स्थूलपणा व बैठी राहणी, मधुमेह हेहि त्या यादींत आले. दाबामुळें मेंदूची धमनी फुटून किंवा तुंबून पक्षाघात होतो, हेंहि १९७० पर्यंत निश्चित झालें. रूझवेल्टांचा मृत्यु नेमका तसाच झाला होता.

या नोंदींनीं कित्येक जुन्या समजुती पुसून टाकल्या. वयांत शंभर मिळविण्याचा हिशेब खोटा ठरला. वय वाढतें तसा दाब चढतो हें बहुतेकांच्या बाबतींत खरें असलें, तरी तो निरुपद्रवी नव्हे. म्हाताऱ्याचा चढलेला दाबहि तितकाच घातक ठरतो. खालचा आंकडा तेवढा महत्त्वाचा आणि वरचा आंकडा गौण, ही समजूतहि टिकली नाहीं. सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी कीं, हृदयाच्या आलेखावरून असें आढळलें कीं, हृदयविकाराच्या झटक्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा झटके रोग्याला न कळतांच येऊन गेलेले असतात. कोणी त्यांना अपचन समजलें, कोणाला कांहींच जाणवलें नाहीं. दांत दुखला तर माणूस रात्रींच वैद्याकडे धांवतो. पण ज्या विकारानें जीव जातो तो वर्षानुवर्षें चकार शब्द काढीत नाहीं. वेदना ही देहाची पहारेकरीण आहे हें खरें. मात्र या एका दाराशीं ती पहारा करीत नाहीं.

तथापि संबंध आढळणें निराळें आणि कारण सिद्ध होणें निराळें. दाब चढलेलीं माणसें लवकर मरतात हें फ्रॅमिंगहॅमनें दाखविलें. दाब उतरविला तर तीं वांचतात काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं दाब उतरविणारें औषध हवें होतें, आणि त्या औषधांतील एकाचा धागा थेट मुंबईपर्यंत येऊन पोंचतो.

हिमालयाच्या पायथ्यापासून कोंकण-सह्याद्रीपर्यंतच्या दमट रानांत सर्पगंधा नांवाचें एक झुडूप उगवतें. त्याची मुळी वैद्यांच्या वापरांत पुष्कळ काळापासून होती. बिहारकडे तर ती वेडावरचें औषध म्हणून बाजारांत विकत. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी वेडाप्रमाणेंच रक्ताच्या चढलेल्या दाबावरहि गुणकारी असल्याचें लिहिलें. त्याच वर्षीं दिल्लींत सिद्दिकी यांनीं तिच्यांतून कांहीं क्षार वेगळे काढले आणि त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांचें नांव दिलें. परंतु या मुळीची कीर्ति समुद्रापार नेली ती मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. १९४९ सालीं, म्हणजे फ्रॅमिंगहॅमची पहिली फेरी नुकतीच सुरू झाली होती त्या वेळीं, त्यांनीं मुंबईंतील आपल्या रोग्यांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला त्याची पद्धतशीर हकीकत इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केली. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं तो मार्ग उचलून धरला आणि अमेरिकेंत ती मुळी वापरण्यास आरंभ केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें तिच्यांतील मुख्य गुणकारी द्रव्य हातीं आलें. त्याला रेसर्पीन हें नांव मिळालें. १९५७ सालीं डॉ. वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक देण्यांत आलें आणि १९५८ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण पदवीनें गौरविलें.

रेसर्पीनच्या पाठोपाठ, लघवीवाटे मीठ बाहेर घालविणारीं नवीं औषधें १९५८ पासून मिळूं लागलीं. तेव्हां डॉ. एडवर्ड फ्रीस यांनीं अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांत निर्णायक कसोटी लावली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यांनीं घेतले. ७३ जणांना तीन औषधें दिलीं, त्यांतलें एक रेसर्पीन होतें. ७० जणांना दिसावयास तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. १९६७ सालीं निकाल जाहीर झाला. औषध न मिळालेल्या ७० जणांपैकीं २७ जणांवर पक्षाघात, हृदयाची दुर्बलता यांसारखीं गंभीर संकटें ओढवलीं आणि चौघे दगावले. औषध मिळालेल्या ७३ जणांपैकीं दोघांवरच तसा प्रसंग आला. मृत्यु एकहि झाला नाहीं. चढलेला दाब हा देहाचा बंदोबस्त नसून देहाचा शत्रु आहे, याविषयीं वादाला जागाच उरली नाहीं. रेसर्पीनमुळें कांहीं रोग्यांच्या मनाला विषण्णता येते असें पुढें दिसलें आणि अधिक सौम्य औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. पण तोंवर त्यानें आपलें काम केलें होतें.

इतकें सर्व होऊनहि फ्रॅमिंगहॅमचें काम मध्येंच बंद पडण्याची वेळ आली होती. १९६९ च्या सुमारास, जें शोधावयाचें तें शोधून झालें असें समजून, सरकारनें पैसा आंखडता घेण्याचें ठरविलें. डॉबर यांनीं दारोदार फिरून खासगी देणग्या मिळविल्या, बोस्टन विद्यापीठानें हात दिला आणि नोंदींची साखळी तुटली नाहीं. १९७१ पासून पहिल्या यादींतील लोकांचीं मुलें व सुना-जांवई असे ५,१२४ जण तपासणीस येऊं लागले. २००२ पासून नातवंडांची पिढी आली. आईबापांचे आंकडे आणि मुलांचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतील अशी वही जगांत फार थोड्या ठिकाणीं सांपडेल. १९६८ नंतरच्या कांहीं दशकांत अमेरिकेंतील हृद्रोगाच्या मृत्यूंचें प्रमाण, वयाचा फरक लक्षांत घेऊनहि, निम्म्याहून अधिक खालीं आलें. त्यांत नव्या औषधांचा व शस्त्रक्रियेचा वाटा आहे, तसाच या वहीचाहि आहे.

एक उणीव मात्र त्या वहींत होती. फ्रॅमिंगहॅमची वस्ती जवळजवळ सगळी गोऱ्यांची. त्यांच्या आंकड्यांनीं साऱ्या मानवजातीचें माप घेतां येईल काय, ही शंका रास्त होती. १९९४ पासून इतर वंशांच्या रहिवाशांनाहि तेथें सामील करून घेण्यांत आलें. पुढें मूळचे केरळचे आणि बंगळूरांत शिकलेले डॉ. सलीम युसूफ यांनीं ५२ देशांत पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा पहिला झटका आलेले सुमारें १५ हजार रोगी आणि तितकेच निरोगी लोक तींत ताडून पाहिले होते. धूम्रपान, रक्तांतील स्निग्ध द्रव्यांचा बिघाड, चढलेला दाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण, फळें व भाजीपाला यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानासंबंधींची संवय या नऊ गोष्टींनीं एकंदर धोक्यापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक धोक्याचा उलगडा होतो असें आढळलें. आणि तें सर्व खंडांत, स्त्री-पुरुष दोघांतहि. रोग तोच, कारणेंहि तींच. फरक एवढाच कीं, भारत व शेजारील देशांतील लोकांना पहिला झटका सरासरीनें ५३ व्या वर्षीं येतो, तर इतरत्र तो ५९ च्या सुमारास येतो. म्हणजे ज्या वयांत मुलांचीं शिक्षणें संपावयाचीं असतात आणि घरावरचें कर्ज फिटावयाचें असतें, त्याच वयांत येथें कर्त्या माणसावर घाला येतो. हीं सहा वर्षें कागदावर लहान दिसतात. संसारांत तीं फार मोठीं असतात.

म्हणूनच भारत सरकारच्या कार्यक्रमांत दाब व मधुमेह यांची तपासणी तिशीपासून करावी असें सांगितलें आहे. आरोग्याच्या जागतिक संघटनेनें मोठ्या माणसाला दिवसाकांठीं पांच ग्रॅमहून कमी मीठ पुरे असें ठरविलें आहे. पांच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. लोणचें, पापड, चटणी आणि ताटांत वरून वाढलेलें मीठ यांची बेरीज केली तर मराठी घरांतील पुष्कळ पानें ही मर्यादा दुपारच्या जेवणांतच ओलांडतात. तंबाखूची गोष्ट याहून सोपी आहे. तिची कमी मात्रा अशी कांहीं नसतेच. रोज अर्धा तास झपझप चालणें, पोटाचा घेर आटोक्यांत ठेवणें, आणि डॉक्टरानें औषध दिलें असेल तर बरें वाटतें म्हणून तें आपल्या मनानें बंद न करणें, या गोष्टींना पैसा थोडा लागतो आणि निर्धार पुष्कळ लागतो. दाब उतरलेला दिसतो तो औषधामुळें. पाऊस अंगावर पडत नाहीं म्हणून भर पावसांत छत्री मिटणाऱ्याची जी गत होते तीच औषध सोडणाऱ्याची होते.

१९३५ सालीं रूझवेल्टांच्या रक्ताचा दाब १३६ वर ७८ होता आणि १९४५ सालीं तो ३०० वर १९० झाला. त्या दोन आंकड्यांमध्यें दहा वर्षांचा अवकाश होता. पृथ्वीवरील सर्वांत सामर्थ्यवान् माणसाला त्या दहा वर्षांचा उपयोग करून घेतां आला नाहीं, कारण त्या वेळीं तो उपयोग कसा करावा हें कोणालाच ठाऊक नव्हतें. फ्रॅमिंगहॅमच्या पांच हजार साध्या माणसांनीं दर दोन वर्षांनीं दंड पुढें केला, म्हणून तें आज ठाऊक आहे. साध्या दवाखान्यांतहि तें यंत्र असतें आणि दाब मोजण्यास पांच मिनिटें पुरतात. रूझवेल्टांना न मिळालेलीं तीं दहा वर्षें ज्यांच्यापाशीं अजून शिल्लक आहेत, त्यांनीं दुखण्याची वाट पाहूं नये. कारण हें दुखणें दुखत नाहीं.